फ्रिजवरचं वचन आणि त्याच्या पुढचं वचन

सलाम मावशी,

आम्ही मूळचे नगरचे, सध्या डॅलसजवळ राहतो. ह्यांची नोकरी जाऊन तेवीस दिवस झाले, पण मला कळून आठच दिवस झालेत. त्याआधी पंधरा दिवस हे रोज डबा घेऊन निघायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे. ह्यांचा व्हिसा एच-१बी, म्हणजे नोकरीवरचा, माझा एच-४, म्हणजे त्यांची बायको म्हणून मिळालेला, मला कामाची परवानगी नाही. मी म्हटलं, पास्टरना सांगू, उपासनेच्या ग्रुपवर प्रार्थनेसाठी टाकू. तर म्हणाले, "माणसांपुढे हात पसरला म्हणजे देवावर विश्वास नाही असं झालं. तो पाहून घेईल." फ्रिजवर बायबलातलं फिलिप्पै ४:१३ हे वचन चिकटवलंय, रोज ते वाचून निघतात. नगरला सासरे मंडळीचे खजिनदार. चर्चच्या छपराच्या नव्या पत्र्यांसाठी ह्यांनी दोन लाख कबूल केलेत. सासऱ्यांना तर कळताच कामा नये म्हणतात. मी कुणाला सांगितलं, तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?

सलाम, बाळ.

हे उत्तर मी तुला पत्र आलं त्याच रात्री पाठवलं होतं. इथे तुझ्या परवानगीनं देतेय, कारण असा डबा घेऊन लायब्ररीत बसणारा तुझा नवरा एकटाच नाही.

विश्वासाचं नंतर बोलू, आधी दिवस मोज. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही शनिवार-रविवार धरून. आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या नोंदीवरची, तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तेवढ्या अवधीत नव्या कंपनीनं अर्ज दाखल करायचा, नाहीतर तुम्ही स्वतः दुसऱ्या व्हिसा-दर्जासाठी अर्ज करायचा, नाहीतर परतीचं तिकीट काढायचं. म्हणजे तुमच्या हातात सदतीस दिवस उरले. कागदोपत्री शेवटचा दिवस कोणता धरलाय ते वकिलाला दाखवा, उद्याच. आरोग्य विम्याचंही बघा. कंपनीचा विमा कोब्रा नावाच्या कायद्याखाली चालू ठेवायचा की नाही हे ठरवायलाही साधारण ६० दिवसच असतात, आणि हप्ता पूर्ण आपल्या खिशातून जातो. मूल लहान असेल तर हे टाळू नकोस.

आता तुझा प्रश्न. नाही, तुझा विश्वास कमी पडलेला नाही.

फ्रिजवरचं ते वचन प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहिलं. जो मला बळ देतो त्याच्यामुळे मी सगळं सोसू शकतो, असा त्याचा आशय. आपली माणसं हे वचन परीक्षेच्या पॅडवर, गाडीच्या काचेवर, कुठेही चिकटवतात आणि तिथेच थांबतात. पुढचं, १४वं वचन कुणी चिकटवत नाही. त्यात पौल म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. त्याच्याही पुढे तो हिशेब देतो: मी थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा नाही, दोनदा मदत पाठवलीत, आणि आता एपफ्रदीताच्या हातची पोचली. त्या मदतीला तो देवाला आवडणारा सुवास म्हणतो. हाच पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि करिंथकरांवर भार टाकला नाही हे ठणकावून सांगायचा. म्हणजे स्वाभिमान त्याला नव्हता असं नाही. पण फिलिप्पैकरांनी पुढे केलेला हात त्यानं देवाचाच मानला. ही दोन वचनं आज रात्री एकामागोमाग वाचा, मोठ्यानं.

पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात आई-वडील गेलेले, पुढे भाऊ गेला, नवरा गेला, पदरी लहान मुलगी. बाई अशा करारी, की इंग्लंडमधल्या वॉन्टेजच्या ज्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींकडे आसरा घेतला त्यांच्याशीच धर्मसिद्धांतावरून वाद घालत. तरी १८८६ साली अमेरिकेत आल्या, गावोगाव भाषणं केली आणि मदत मागितली. पुढच्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं, दहा वर्षं खर्च उचलायचं ठरलं, आणि १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. त्या मागण्याला कुणी अविश्वास म्हणत नाही.

माझंही सांगते. इथल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात चर्चमधल्या एका बाईनं मुलांसाठी जुने कोट दिले. मी हसून घेतले आणि दोन आठवडे कपाटात कोंबून ठेवले. पोरं स्वेटरवर स्वेटर घालून शाळेत जात होती आणि मी रविवारी देव पुरवठा करतो म्हणून गात होते. तेव्हा त्याला मी श्रद्धाच समजत होते.

यात दोष एकट्या तुझ्या नवऱ्याचा नाही. आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तो व्हिसा आल्यावर, ऑपरेशन पार पडल्यावर. अजून काहीच सुटलेलं नाही, असं सांगायला कुणी उठत नाही. नगरहून आलेल्या मुलावर तर अख्ख्या मंडळीचं ओझं असतं. म्हणून त्याला "देव तुझा गर्व मोडतोय" असं चुकूनही म्हणू नकोस. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं? येशूनं सांगितलं, याचंही नाही, याच्या आईबापाचंही नाही. कंपनीनं माणसं कमी केली, एवढंच झालंय.

पण त्याच्या मागे, त्याला न सांगता पास्टरांकडे जाऊ नकोस. पंधरा दिवस त्यानं तुझ्यापासून लपवलं, आता तू त्याच्यापासून लपवायला लागलीस तर घरात बोलणंच उरणार नाही. त्याला स्पष्ट सांग: रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर उपासनेनंतर मी सांगेन, तुझ्यासमोर. रविवारपलीकडे थांबायला तुमच्याकडे दिवस नाहीत. आणि एक व्यवहाराची गोष्ट. त्या बाकांवर बसलेल्यांतले किती जण त्याच्याच धंद्यातले आहेत? इथे नोकरी बरेचदा ओळखीनं लागते, आणि त्यानं ती सगळी दारं स्वतःच लावून घेतलीत.

राहिले सासरे. फोन नवऱ्यानंच करायचा, तू शेजारी बस. पत्र्यांचे पैसे नाताळच्या आत जमणार नाहीत, हे त्याच फोनवर सांगून टाका, पुढची तारीख देऊ नका. खजिनदारानं आयुष्यात कबूल केलेली आणि न आलेली वर्गणी कमी पाहिली असेल का? वाईट वाटेल त्यांना, वाटू दे. सध्या तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ होतात तेव्हा नगरला सकाळचे सात असतात, म्हणजे बहुधा चहा-पेपर घेऊन ओसरीत बसलेले सापडतील.