डेटाबेस मंदावला की सगळे पॉड एकदम रीस्टार्ट का होतात?

लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का, हे ठराविक वेळाने बघणारी तपासणी) काढायची गरज नाही, त्यातली डेटाबेसची क्वेरी तेवढी काढा. डेटाबेस रेंगाळला की कुबरनेटीसमधले (म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या आणि पडले तर उठवणाऱ्या प्रणालीतले) सगळे पॉड, म्हणजे ॲपच्या चालत्या प्रती, एकत्र रीस्टार्ट होतात आणि साइट झोपते, शिवाय अलर्ट आला की रीस्टार्ट करणारी एक स्क्रिप्टही आहे, असं तुम्ही लिहिलंय. होणारच. प्रोबचे आकडे तुम्ही डिफॉल्टच ठेवलेत: दर 10 सेकंदांनी तपासणी, उत्तराला 1 सेकंद, लागोपाठ 3 वेळा नापास की कंटेनर मारायचा. म्हणजे अर्ध्या मिनिटात धडधाकट पॉडही मरतात. उठल्यावर प्रत्येकाला नवी कनेक्शनं हवीत, कॅशे (हाताशी साठवलेली उत्तरं) रिकामी, आणि सगळा भार पुन्हा त्याच डेटाबेसवर. की पुन्हा नापास.

लाइव्हनेसने एवढंच बघावं: प्रोसेस अडकली आहे का, आणि मारून उठवल्यावर सुटेल का? उठायलाच वेळ लागत असेल तर स्टार्टअप प्रोब लावा; ॲप उठेपर्यंत ती लाइव्हनेसला थांबवते. 'डेटाबेसची तपासणी रेडिनेसमध्ये (पॉडकडे रिक्वेस्ट पाठवायच्या का, हे ठरवणाऱ्या प्रोबमध्ये) टाका' असं कुणीतरी सांगेलच. जपून! सगळे पॉड एकदम नॉट रेडी झाले तर कॅशेवरून देता आली असती ती पानंही बंद पडतात.

4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक सुमारे 6 तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडने बॅकबोन (डेटा सेंटरं जोडणारं त्यांचं नेटवर्क) तुटला होता, डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) मात्र चालू होते. डेटा सेंटरशी बोलता येत नाही म्हणजे आपल्याच नेटवर्कमध्ये बिघाड, असं धरून या डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग (आपल्यापर्यंत कसं पोचायचं, हे इंटरनेटला सांगणाऱ्या घोषणा) मागे घेतले. एखाद्या सर्व्हरने असं करणं योग्यच; सगळ्यांनी एकदम केलं, तिथे घात झाला.

एन्व्हॉय (सर्व्हरांमध्ये रिक्वेस्ट वाटणारा प्रॉक्सी) याच कारणाने सावध असतो. निम्म्याहून कमी होस्ट (सर्व्हर) निरोगी दिसले की तो डिफॉल्टने हेल्थ चेकचं ऐकणं सोडून सगळ्यांकडे रिक्वेस्ट पाठवतो. अलर्ट आला की रीस्टार्ट करणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टलाही असाच लगाम हवा: एका वेळी एकच पॉड, आणि बरेच नापास दिसले तर काहीही न करता ऑन-कॉल माणसाला फोन. (खरं तर ती स्क्रिप्ट मी बंदच केली असती.)

प्रोमिथियस (आकडे गोळा करून अलर्ट देणारं साधन) त्याच क्लस्टरमध्ये, म्हणजे पॉड चालतात त्याच सर्व्हरांच्या गटात असेल तर आणखी एक काम, कारण क्लस्टर पडला की अलर्टही बंद. फेब्रुवारी 2017 मध्ये ॲमेझॉनची एस3 ही फाइल साठवण्याची सेवा पडली तेव्हा त्यांना स्वतःचं स्टेटस पान बराच वेळ बदलता आलं नाही, कारण तेही एस3 वर अवलंबून होतं. एक अलर्ट कायम वाजता ठेवा, आणि तो यायचा थांबला की क्लस्टरबाहेरच्या सेवेने फोन करावा अशी सोय करा.