सात पडला की नाचायचं की रडायचं?

मागच्या अंकात या सदरात लुडोच्या फाशाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं सदर फाशांनाच देऊन टाका. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न लुडोचे नाहीतच, कसिनोचे आहेत. पुण्यातली माणसं मुलाकडे अमेरिकेला जातात, तिथून वेगास "नुसतं बघायला" जातात आणि परत आल्यावर मला हिशोब विचारतात. तीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, पण एवढ्या उत्साहाने एकानेही कधी शंका विचारली नव्हती, असो.

प्रश्न: मॅडम, आम्ही दोघं मुलाकडे सॅन होजेला होतो, तिथून दोन रात्री वेगासला गेलो. तिथे फाशांचं मोठं टेबल असतं, क्रॅप्स म्हणतात. आम्ही अर्धा तास नुसते उभे. सात पडला की कधी सगळं टेबल ओरडतं आणि कधी सगळे कपाळाला हात लावतात. आकडा तोच, मग असं का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, तुम्ही खेळाचं मर्मच पकडलंत. एक डाव दोन भागात असतो आणि सातचा अर्थ मधेच उलटा होतो, तेवढंच आहे.

पहिल्या फेकीला कम-आउट म्हणतात. तेव्हा "पास लाइन"वर पैसे लावलेले असतील आणि ७ किंवा ११ आला तर लगेच जिंकलात, २, ३ किंवा १२ आला तर लगेच गेले. बाकी काहीही आलं, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, तर तो आकडा होतो "पॉइंट", आणि डीलर एक गोल चकती पांढरी बाजू वर करून त्या आकड्यावर ठेवतो (ती चकती तुम्ही बघितली असेलच). आता फासे टाकणारा टाकतच राहतो, जोपर्यंत तोच पॉइंट परत येत नाही किंवा सात येत नाही. पॉइंट आधी आला तर पैसे मिळाले, सात आधी आला तर गेले आणि फासेही पुढच्या माणसाकडे गेले. म्हणून पहिल्या फेकीचा सात म्हणजे पेढे आणि नंतरचा सात म्हणजे सुतक. पॉइंट लागल्यावर टेबलाशी उभं राहून कोणी "सेव्हन" असा शब्दही तोंडातून काढत नाहीत, आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत ना, तसं.

आता सातच का, तर दोन फाशांचे ३६ प्रकार होतात आणि त्यातले सहा सातचे. ६ आणि ८ चे पाच-पाच, ५ आणि ९ चे चार-चार, ४ आणि १० चे तीन-तीन, ३ आणि ११ चे दोन-दोन, २ आणि १२ चा एकेकच. सगळा क्रॅप्स या एवढ्याशा तक्त्यावर उभा आहे. पॉइंट ४ असेल तर तो यायचे तीन प्रकार आणि सात यायचे सहा, म्हणजे तुमच्या विरुद्ध सरळ दुप्पट.

पास लाइनचा पूर्ण हिशोब केला (अपूर्णांक नकोत म्हणून १९८० डाव धरते) तर सरासरीने ९७६ डाव तुम्ही जिंकता, १००४ कसिनो जिंकतं. फरक २८ डावांचा, म्हणजे शंभर डॉलर लावले तर सरासरी एक डॉलर एक्केचाळीस सेंट त्यांचे. ह्याच्या उलटी "डोन्ट पास" पण असते, तिथे कसिनोचा वाटा थोडासाच कमी, १.३६ टक्के. ती पाव टक्क्याहूनही कमी बचत करायला गेलात तर अख्खं टेबल हरताना तुम्ही एकट्याच जिंकणार आणि लोक तुमच्याकडे लग्नात पांढरी साडी नेसून आल्यासारखं बघणार.

प्रश्न: मी स्वतः खेळलो, लपवत नाही. टेबलाच्या मधल्या भागात "सेव्हन, फाइव्ह फॉर वन" असं स्वच्छ छापलं होतं. एक डॉलर लावला, सात आला, नफा म्हणून हातात पडले चारच. डीलरला तीन वेळा समजावून सांगितलं, ऐकायलाच तयार नाही. ही फसवणूक नाही का? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: काका, तुम्ही वेगासच्या डीलरला तीन वेळा समजावलंत हे वाचून मन भरून आलं. पण डीलर बरोबर होता. सगळी गोम "फॉर" ह्या शब्दात आहे. "फाइव्ह टू वन" म्हणजे तुमचा एक परत आणि वर पाच. "फाइव्ह फॉर वन" म्हणजे तुमचा एक धरून पाच, म्हणजे नफा चार. लबाडी म्हणायची तर म्हणा, छापलेलं मात्र खरं आहे, आपल्याकडच्या "अटी लागू" सारखं.

आणि इथेच मला सगळ्यांना एक सांगायचंय, कारण बाकीच्या प्रश्नांनाही तेच लागू पडतं. कुठलाही भाव बघितला की दोन आकडे शेजारी ठेवायचे, द्यायला किती पाहिजे आणि देतात किती. पुढच्या एका फेकीत सात यायचे प्रकार ६, न यायचे ३०, म्हणजे खरा भाव पाचास एक. देतात चारास एक. ३६ वेळा एकेक डॉलर लावला तर सहा वेळा चार मिळून २४ आले, तीस वेळा एकेक करून ३० गेले, सहा डॉलर कमी, म्हणजे १६.६७ टक्के त्यांचे. पास लाइनला दीड टक्का पण नाही आणि त्याच टेबलावर हातभर अंतरावर सोळा! मार्केट यार्डात एवढी दलाली कोणी मागितली तर तुम्ही काय कराल?

मधल्या भागातले सगळेच भाव साधारण असेच. बाराचा खरा भाव ३५ ला एक, मिळतो ३० ला एक. "हार्ड एट" म्हणजे दोन्ही फाशांवर चार-चार, तो यायचा प्रकार एक आणि त्याला मारणारे दहा (सातचे सहा आणि साधे आठ चार), खरा भाव दहास एक, देतात नऊ. जितकं चित्र रंगीत आणि भाव मोठा दिसतो तितकी कात्री खोल.

ह्याच्या बरोबर उलट एक गोष्ट टेबलावर छापलेलीच नसते. पॉइंट लागल्यावर पास लाइनच्या मागे आणखी पैसे ठेवता येतात, त्याला नुसतं "ऑड्स" म्हणतात. त्यावर ४ आणि १० ला दोनास एक, ५ आणि ९ ला तीनास दोन, ६ आणि ८ ला सहास पाच असा भाव मिळतो आणि तो अगदी खरा भाव आहे, कसिनोचा वाटा शून्य. वर किती ठेवायचं त्याला प्रत्येक ठिकाणी मर्यादा असते आणि आधीची पास लाइन लावल्याशिवाय हे मिळत नाही, म्हणजे मिसळ घेतली तरच रस्सा फुकट. तुमच्या पत्रात ह्याचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही तो लावला नाहीत असं मी धरते.

प्रश्न: मी बी.एस्सी. ला आहे. गावाकडे जत्रेत एकजण सहा चित्रांचं कापड अंथरून बसतो, डब्यात तीन फासे खुळखुळवतो. आपण एका चित्रावर दहा रुपये लावायचे. ते एका फाशावर आलं तर दहा नफा, दोनवर आलं तर वीस, तिन्हीवर तीस. एका फाशावर यायची शक्यता १/६, तीन फासे म्हणजे ३/६, म्हणजे निम्मी. आणि डबल-ट्रिपलचा बोनस वरून. मग तो माणूस जगतो कसा? — विद्यार्थी, सिंहगड रोड

उत्तर: अरे वेड्या, तो तुझ्या ह्याच गणितावर जगतो! शक्यतांची अशी बेरीज चालत नाही, नाहीतर सहा फासे घेतले की चित्र १०० टक्के यायलाच पाहिजे, आणि घरी करून बघ, येत नाही. तुझ्या ३/६ मध्ये दोन फाशांवर एकदम आलेलं दोनदा मोजलं गेलंय.

नीट मोज. तीन फाशांचे २१६ प्रकार. तुझं चित्र एकाही फाशावर नाही असे ५ × ५ × ५ म्हणजे १२५, एकावर ७५, दोनवर १५, तिन्हीवर १. आता २१६ डाव खेळ, दर वेळी दहा रुपये. गेले १२५०. आले ७५० अधिक ३०० अधिक ३०, म्हणजे १०८०. १७० रुपये त्याच्या खिशात, तू लावलेल्या २१६० मधले, ७.८७ टक्के. फासे सरळ असले तरी. आणि जत्रेतले फासे सरळ असतात असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

हाच प्रकार मकावच्या कसिनोत "सिक बो" नावाने गालिच्यावर चालतो. तिथे "स्मॉल" म्हणजे बेरीज ४ ते १० आणि "बिग" म्हणजे ११ ते १७, दोन्हीला बरोबरीचा भाव. दिसायला निम्मं-निम्मं, पण तिन्ही फासे सारखे आले (१-१-१ पासून ६-६-६ पर्यंत काहीही) की स्मॉल पण मेलं आणि बिग पण मेलं. असे सहा प्रकार, म्हणून तुझ्या बाजूने १०५ आणि विरुद्ध १११, वाटा २.७८ टक्के. त्याच टेबलावर "ठरावीक ट्रिपल"ला बऱ्याच ठिकाणी १८० ला एक देतात आणि ते ऐकून डोळे फिरतात, खरा भाव २१५ ला एक आहे.

बाकी तीन फाशांत गडबडलास म्हणून वाईट वाटून घेऊ नको. बेरीज ९ आणि बेरीज १० दोन्ही सहा-सहा तऱ्हांनी होतात तरी खेळणाऱ्यांना १० जास्त दिसतो, हे कोडं चारशे वर्षांपूर्वी खुद्द गॅलिलिओकडे गेलं होतं. त्याने २१६ प्रकार मांडून दाखवलं की ९ चे २५ आहेत आणि १० चे २७.

प्रश्न: माझी सिस्टिम ऐका. स्मॉलवर १०० लावायचे, हरलो तर २००, मग ४००, जिंकेपर्यंत डबल. कधीतरी जिंकणारच ना, म्हणजे १०० नक्की. मित्र म्हणतो अ‍ॅपवर करू. — हिंजवडी

उत्तर: सलग दहा हरलास तर १,०२,३०० गेले, आणि अकराव्यासाठी एक लाख दोन हजार चारशे लागतील, जे टेबलाची मर्यादा लावू देत नाही आणि तुझं बँक अकाउंट पण. सलग दहा हरण्याची शक्यता साधारण ७७८ त एक. म्हणजे सरासरीने ७७७ वेळा शंभर आले, ७७,७०० झाले, तू ऑफिसात सगळ्यांना सिस्टिम शिकवलीस, आणि एका संध्याकाळी एक लाख दोन हजार गेले. अ‍ॅपचं म्हणशील तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचाच कायदा केलाय, त्यामुळे जे अ‍ॅप तरीही चालू असेल त्याच्या फाशावर किती विश्वास ठेवायचा ते तूच बघ.

प्रश्न: महाराष्ट्रात कसिनो का नाहीत? गोव्यात चालतात मग आपल्याकडे कायदाच नाही का? — शिवाजीनगर

उत्तर: कायदा होता. १९७६ चा, कसिनोवर नियंत्रण आणि कराचा. पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने स्वतःच्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये बदल करून हॉटेलात मशीन आणि नंतर बोटीवर टेबलं आणली, म्हणून मांडवीत ती दिवे लावलेली जहाजं.

प्रश्न: बाई, मी ७४ वर्षांची. नातवाबरोबर लुडो खेळते, माझी सोंगटी घरातून निघतच नाही. वीस-वीस वेळा टाकून सहा नाही. नातू हसतो. फाशात काही गडबड आहे का? — आजी, नारायण पेठ

उत्तर: आजी, दहा वेळा टाकून सहा न येण्याची शक्यता साधारण १६ टक्के, म्हणजे सहा-सात वेळात एकदा असं होतंच, त्यात फाशाचा दोष नाही. सलग वीस वेळा नाही हे मात्र अडीच-तीन टक्क्यांवर येतं, आणि ते दर रविवारी होत असेल तर मला पण शंका येते. कसिनोचे फासे पारदर्शक असतात, कडा धारदार, आणि टिंबांचे खड्डे तेवढ्याच वजनाच्या मालाने भरलेले असतात, त्यामुळे कुठली बाजू जड होत नाही. आपल्या लुडोच्या फाशाला नुसते खड्डे, पण तेवढ्याने वीस-वीस वेळा असं होणार नाही.

एक करा, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवत राहा, फासा तरंगेपर्यंत. मग बोटाने टिचकी मारून दहा-पंधरा वेळा फिरवा. दर वेळी तीच बाजू वर येत असेल तर फासा एका अंगाला जड आहे. सातची बेरीज लक्षात ठेवा, समोरासमोरच्या बाजू मिळून सातच होतात, म्हणजे सतत १ वर येत असेल तर जड बाजू सहाची. नातू शाळेत गेल्यावर करा, आणि काय निघालं ते मला कळवा.