तांगलांग ला जवळचा मातकट फिंच: ब्रँट्स की सिलेम्स?

ऑगस्टमध्ये लडाखच्या तांगलांग ला खिंडीजवळच्या दगडांत कॅमेऱ्यात टिपलेला हा मातकट, चेहऱ्यावर काळं नसलेला फिंच (बिया खाणारा छोटा पक्षी) ‘सिलेम्स’ या अतिशय दुर्मिळ जातीचा असू शकेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे ब्रँट्स माउंटन फिंचचं यंदाचं पिल्लू आहे. तरीही तुमची शंका रास्त आहे. लडाखला जाणारे बहुतेकजण असा पक्षी पाहून ‘ब्रँट्सची मादी असेल’ म्हणतात आणि कॅमेरा हिमबिबट्याच्या दिशेने वळवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचे फोटो. दुसऱ्या फोटोत चोचीच्या कोपऱ्यात पिवळसर कड दिसते, म्हणजे पक्षी कोवळा आहे. डोकं आणि पाठ एकाच वाळूरंगाची आहे. छाती कोरी आहे, एकही रेघ नाही. शिवाय थव्यातले बाकीचे काळ्या कपाळाचे, म्हणजे सरळसरळ प्रौढ ब्रँट्स आहेत. यातला छातीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार, कारण ब्रँट्सची पिल्लं कोरी असतात आणि सिलेम्सची पिल्लं ठसठशीत रेघांची. प्रौढ नरांत नेमकं उलटं होतं: सिलेम्सच्या नराची पाठ करडी आणि जवळजवळ कोरी, तर ब्रँट्सच्या पाठीवर पुसट का होईना, गडद रेघा असतात. सिलेम्सच्या नराचं डोकं दालचिनीसारखं उबदार तपकिरी असतं आणि करड्या पाठीपुढे ते वेगळं उठून दिसतं. कपाळावर काळं अजिबात नसतं.

सिलेम्सच्या पिल्लाच्या रेघांना एवढं महत्त्व का, ते या जातीच्या इतिहासातून कळतं. १९२९ मध्ये फिलिप्स व्हिसर यांच्या नेतृत्वाखाली डच काराकोरम मोहीम निघाली. तिच्यातले पक्षी अभ्यासक जे. ए. सिलेम यांनी त्या सप्टेंबरात कुश्कू मैदान इथे, ५,१२५ मीटर उंचीवर, दोन फिंच मिळवले: एक प्रौढ नर, एक पिल्लू. ही जागा अक्साई चीनच्या ओसाड पठारावर आहे. दोन्ही नमुने ब्रँट्स म्हणून नोंदले गेले आणि अॅम्स्टरडॅमच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या (म्युझियमच्या) खणात पडून राहिले. तिथले सी. एस. रोसेलार यांनी ते पुन्हा नीट तपासले तेव्हा हिशेब जुळेना. एकट्या नरावरून ‘रंगाने जरा वेगळा ब्रँट्स’ असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण सोबतच्या पिल्लावरही रेघा होत्या, आणि वेगवेगळ्या वयाचे दोन पक्षी एकाच वेळी वेगळे निघाले की अपवादाची सबब टिकत नाही. १९९२ मध्ये रोसेलार यांनी ही नवी जात जाहीर केली आणि तिला सिलेम यांचं नाव दिलं. त्या पिल्लाचं कातडं जपून ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढची वीस वर्षं जगात या पक्ष्याचे एवढे दोनच पुरावे होते. मग जून २०१२ मध्ये पक्षीनिरीक्षक यान म्युझिका यांनी चीनच्या छिंगहाय प्रांतात, येन्यूगोऊ खोऱ्यात, जिवंत सिलेम्सचे फोटो काढले. कुश्कू मैदानापासून हे ठिकाण पूर्वेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे! मादी कशी दिसते हेही तेव्हाच कळलं: करडी-तपकिरी आणि रेघांची. नंतर २०१६ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून निघालं की हा माउंटन फिंच नव्हेच, हा रोझफिंच, म्हणजे ज्यांचे नर बहुधा गुलाबी-लाल असतात त्या गटातला. त्याचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक म्हणजे छिंगहायमधलाच रोबोरोव्स्कीचा रोझफिंच, ज्याचा नर गडद लाल असतो. सिलेम्सच्या अंगावर मात्र लाल रंगाचा टिपूसही नाही. रोझफिंच म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, यात आश्चर्य नाही.

आता लडाखबद्दल. अक्साई चीन चीनच्या ताब्यात आहे, तिथे जाऊन पक्षी शोधणं आपल्याला शक्य नाही. पण लडाखमधलं चांगथांगचं उंच पठार त्याला लागूनच आहे, आणि पाच हजार मीटरच्या आसपासच्या दगडधोंड्यांत, वितळत्या बर्फाच्या कडेला बिया टिपणारे फिंच बारकाईने पाहणारे लोक फार थोडे. म्हणून ब्रँट्सच्या प्रत्येक थव्यावरून नजर फिरवाच. रेघांचा पक्षी दिसला तर आधी प्लेन माउंटन फिंच वगळा: त्याच्या पाठीवर रेघा असतात, पण पंखांवर फिक्या आडव्या पट्ट्या दिसतात आणि छाती कोरी असते. पाठीवरही रेघा, छातीवरही रेघा, आणि पंखांवर पट्ट्या नाहीत, असं काही दिसलं तर तिथून हलू नका. चेहऱ्याचा एक सुंदर फोटो मिळाला म्हणून थांबू नका; पाठ, छाती, कंबर आणि उघडलेला पंख, सगळं हवं. अंधूक फोटोही डिलीट करू नका. मात्र पक्ष्यामागे धावू नका: त्या उंचीवर तुम्हालाही दम लागतो, आणि त्याचा चरण्याचा वेळ आधीच थोडा असतो.

तुमचे हे फोटो ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर) ‘ब्रँट्स माउंटन फिंच, पिल्लू’ म्हणून जरूर टाका. उंची, तारीख आणि थव्यात प्रौढ किती होते तेही लिहा. ब्रँट्सची पिल्लं ऑगस्टमध्ये नेमकी कशी दिसतात याचे चांगले फोटो जितके जमतील, तितकं पुढे वेगळा पक्षी ओळखणं सोपं जाईल. आणि तिसऱ्या फोटोत डावीकडे, दगडाआड अर्धवट दिसणारा जो पक्षी आहे, त्याचा आणखी एखादा फोटो असेल तर इथे टाका. त्याची पाठ मला नीट पाहायची आहे.