घाटातल्या गाडीला रेशो कोणता?
ट्रकला मायलेजसाठी मागच्या अ‍ॅक्सलचा ४.११ चा रेशो घेतोस (म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट ४.११ वेळा फिरतो), पण गाडी चालणार कुठे? चिपळूणहून जांभा चिरा भरून रोज कुंभार्ली घाट चढायचा असेल, तर नको घेऊस. सपाट हायवेवर तो उत्तमच. टायरचा घेर सव्वातीन मीटर धरला, तर डायरेक्ट टॉपमध्ये (वरचा गिअर, ज्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात) ताशी ६० ला इंजिन मिनिटाला साधारण १,२६५ फेरे घेतं, ५.८६ ला तेच १,८०० वर जातं. पण भरल्या गाडीने चढावर सारखे गिअर पाडावे लागले, क्लच तापला, की वाचवलेलं डिझेल घाटातच जातं.

जुनी गाडी घेताना रेशोच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस, दात मोजून काढ. अ‍ॅक्सलमधल्या क्राऊनचे (मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाचे) दात: ४१ ला ७ म्हणजे ५.८६. आणि हो, टायर मोठे घातलेस तर हिशोब पुन्हा कर.