बार कौन्सिल आणि बार असोसिएशन एकच असतात का? वकिलांवर नियंत्रण कोणाचं?

नाही, दोन्ही वेगळ्या. तुम्ही लिहिलंय की वकिलाविरुद्धची तक्रार घेऊन बार असोसिएशनच्या अध्यक्षांकडे गेलात आणि त्यांनी हात वर केले. त्यांचाही नाइलाज होता. असोसिएशन म्हणजे त्या कोर्टातल्या वकिलांची आपखुशीची संघटना. बार रूम, ग्रंथालय, वर्गणी हे ती बघते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देणं वा काढून घेणं तिच्या हातात नाही.

तो अधिकार १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने राज्याच्या बार कौन्सिलला दिलाय. आपली ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. माझी सनदही तिचीच. तिचे २५ सदस्य आम्ही वकीलच निवडतो, साधारण निम्मे तरी किमान १० वर्षं सनद असलेले लागतात. शिवाय महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, पदसिद्ध सदस्य असतात. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. उमेदवार कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी ठरावीक मतं, पूर्ण करून निवडून आला की त्याची जादा मतं, आणि तळाचा बाद झाला की त्याची सगळी मतं, पुढच्या पसंतीकडे सरकतात. मोजणी दिवसेंदिवस चालते, पण मला ही पद्धत मनापासून पटते. सरळ बहुमत असतं तर मुंबई-पुण्यानेच जागा नेल्या असत्या. लहान जिल्ह्यांना इथे वाव मिळतो.

दिल्लीतल्या बार कौन्सिल ऑफ इंडियावर प्रत्येक राज्य कौन्सिल एक सदस्य पाठवते. कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा तिथे ठरतो.

आता तुमची तक्रार. ती राज्य कौन्सिलकडे करा. तथ्य वाटलं तर ती तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते: दोन कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा, पण तोही वकीलच. पक्षकारांच्या बाजूचं त्यात कुणीच नाही, ही मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी. समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित किंवा कायमची रद्द करू शकते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, त्यानंतर सर्वोच्च न्यायालय.

वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या आणि रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार नोंदींची, नक्कल जोडा. वकील तारखेला गैरहजर होते हे रोजनाम्यातच सापडतं. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका. तक्रार मिळाल्यापासून वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण कायद्यानेच बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं, आणि ते वर्ष तक्रार मिळाल्याच्या, म्हणजे त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजतात.