सात परीक्षणं आणि एक ओरखडा

जळगाव,
१४ डिसेंबर

प्रिय भाऊ,

तुझी सात सिनेपरीक्षणं मिळाली. मोबाईलवर वाचायला डोळे कुरकुर करतात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि तीन दुपारी अंगणात उन्हाला बसून लाल पेनाने वाचली. लाल शाई बघून दचकू नकोस. ती तुझ्यावर कमी आणि तुझ्या तोंडून बोलणाऱ्या इतरांवर जास्त आहे.

आधी हिशेब. 'अप्रतिम' अकरा वेळा. 'कथेचा जीव छोटा' चार वेळा. 'संकलनाला कात्री हवी होती' पाच वेळा. हे कात्रीचं वाक्य मीही तीस वर्षं लिहिलं, म्हणून त्याची नस मला माहीत आहे. आपल्याला कंटाळा येतो, पण का आला ते कळत नाही. मग ते गाठोडं संकलकाच्या दारात ठेवायचं आणि निघून यायचं. तारे द्यायचे तर दे, पेपरवाले मागतातच. पण साडेतीन आणि चारमधल्या अर्ध्या ताऱ्यावर रात्र घालवू नकोस.

'सैराट'वरचं तुझं परीक्षण घे. तू लिहिलंस, 'उत्तरार्धात पटकथा रेंगाळते.' बरं, रेंगाळते. कुठे? तो सिनेमा २०१६च्या एप्रिलअखेरीला लागला, तेव्हा तू शाळेत असशील. मी इथेच पाहिला. बाहेर लाही होत होती, आणि आत 'झिंगाट'ला पोरं पडद्यापुढे जाऊन नाचत होती. त्या पहिल्या भागात काय काय आहे आठव. स्लो मोशन आहे, आणि अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलेला भलामोठा वाद्यवृंद आहे. विहिरीत उडी मारायची तर तिलाही व्हायोलिनं. मग दोघं हैदराबादला पोचतात आणि नागराज मंजुळे ते सगळं हळूहळू काढून घेतो. संगीत आटतं. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परशा डोशाच्या गाडीवर. पाटलाच्या वाड्यात वाढलेली पोर झोपडपट्टीच्या वासाने रडकुंडीला येते. तुला रेंगाळल्यासारखं वाटलं, कारण सिनेमाने सिनेमा असणं थांबवलं होतं. आणि शेवटी तर आवाजच नाही. रक्तात भरलेली ती लहान पावलं बाहेर पडतात आणि थिएटरात पंखे ऐकू येतात. त्या दिवशी स्टँडवरून गाड्या काढताना कोणी बोलत नव्हतं.

'रेंगाळते' हा शब्द चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो तुझ्या अंगाला झालेला स्पर्श आहे, खराच आहे. पण ती पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर विचारायचं: हे मला कशाने वाटलं? कुठल्या शॉटने, कुठल्या आवाजाने, की काय नव्हतं म्हणून? तिथवर गेल्यानंतर मत द्यायचं. मग ते उलटं निघालं तरी चालेल.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. त्यात माझीच फजिती आहे.

सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९चा. विदर्भातल्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. शेजारी आत्महत्या होते आणि बायकोच्या मनात भीती बसते की आपलाही नवरा काही करून घेईल. म्हणून ती पोराला आणि सासूला त्याच्या पाळतीवर ठेवते. गोष्ट एवढीच, आणि तिच्यात हसूही आहे. मी परीक्षण लिहिलं: 'विषय ज्वलंत, पण गती संथ. मधला अर्धा तास सहज कमी करता आला असता.' छापून आलं, दोन फोन आले, मी खूश.

पुढच्या वर्षी पारोळ्याकडचे माझे मामा दवाखान्याच्या कामाने आमच्याकडे मुक्कामी होते. टीव्हीवर तो सिनेमा लागला. मामांची आठ एकर कपाशी, तीही कोरडवाहू. जेवण आटोपून ते खाटेवर आडवे झाले होते, ते उठून बसले. नायक आभाळाकडे बघतो, तेव्हा हेही मान वर करत होते, घराच्या स्लॅबकडे. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, जरा हळू आहे ना पिक्चर?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पिच्चर हळू नई शे रे. पाऊस लेट शे."

मी पुन्हा बघायला लागलो, यावेळी मामांच्या बाजूला बसून. जो अर्धा तास मी कापायला निघालो होतो, त्यात पेरणी होते, पाऊस दडी मारतो, बियाणं वाया जातं, पुन्हा पैसे उभे करावे लागतात. तो अर्धा तास कापला तर माणूस कशाने खचतो हेच कापलं जातं. मला ते दिसलं नाही, कारण मी घड्याळ बघत होतो. आणि माझ्या आजोबांनी याच मातीत तीन-तीनदा पेरलं आहे, भाऊ. मुंबईच्या पेपरांतली परीक्षणं वाचून वाचून मी त्यांची नजर उसनी घेतली होती, आणि घरची ट्रंकेत.

आता लगेच दुसरं टोक गाठू नकोस. ते तू 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'च्या परीक्षणात गाठलंच आहेस. 'आपल्या मातीतल्या माणसांना मानाचा मुजरा' वगैरे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण आपल्या वेशीला लागून, त्यामुळे आपला ऊर भरून येतो हे मान्य. पण मुजरा हे परीक्षण नव्हे. रीमा कागतीचा सिनेमा नेटका आहे, मैत्रीचा भाग छान जमला आहे. पण त्याआधी फैझा अहमद खानने 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा माहितीपट केला, तो बघ. शफिक हा यंत्रमागावर राबणारा काडीपैलवान पोरगा. गावातल्या सिनेमावेड्या मंडळींना आपल्या पिक्चरमध्ये त्याला सुपरमॅन करायचं असतं. कॅमेऱ्याला ट्रॉली नाही तर सायकल आहे. मला तो माहितीपट जास्त आवडतो, आणि कारण एकच: त्यात मागांची खडखड सारखी मागे चालू असते. ती खडखड ऐकल्यावर कळतं की ही माणसं शुक्रवारी, माग बंद असताना, पिक्चरकडे का धावत असतील. नव्या सिनेमात तीच माणसं जरा इस्त्री करून आली आहेत. तुला उलट वाटलं तर उलट लिही, माझ्याशी भांड. फक्त मुजरा करू नकोस.

तीच गत स्मिता पाटीलची. तिचे वडील शिवाजीराव शिरपूरचे, त्यामुळे आपण सगळे तिचे नातेवाईक. माझी आई तर 'मंथन' बघताना म्हणाली होती, "हाई तं आपलीच शे." (त्या सिनेमासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. आपल्या केळीवाल्यांनी असं काही केलेलं अजून तरी माझ्या ऐकण्यात नाही.) आईला ती आपली वाटली, हे आईचं ठीक. परीक्षण लिहिणाऱ्याने मात्र ती डोक्यावरून पदर कसा घेते आणि समोर कोण आलं की तो कसा बदलतो, हे बघायचं.

आणि एक सांगायचं राहतंय, ते अवघड आहे. 'फँड्री'मध्ये जब्याचं घरचं सगळं माणूस डुकरामागे धावतं, गाव कठड्यावर बसून मजा बघतं. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निवांत निघून जातं. थिएटर हसलं. मीही हसलो. पुढे जब्या दगड उचलतो आणि तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. परीक्षणात मी सामाजिक वास्तव, जातव्यवस्था, प्रतीकं, सगळं लिहिलं. 'मी हसलो होतो' एवढं लिहिलं नाही. तेच तर लिहायचं होतं. तो दगड कठड्यावरच्या गावाला होता आणि त्या दिवशी मीही त्यांच्यातच बसलो होतो. तुझ्या परीक्षणात तू कुठेच नाहीस, भाऊ. रडलास, झोपलास, मोबाईल काढून बघितलास, लाजलास, काहीतरी झालं असेल ना? सगळं छापायचं नसतं, पण वहीत खरं लिहून ठेवत जा.

वहीवरून आठवलं. अंधारात लिहायची सवय कर. ओळी एकावर एक चढतात, चढू देत. घरी येऊन त्यातली जी तीन टिपणं लागतील, ती पुरतात. ट्रेलर बघून आत जाऊ नकोस. निर्मात्याकडून पास आला तर ज्याने बोलावलं त्याला आधीच सांगून टाक की काय लिहीन त्याचा भरवसा नाही. एका संपादकाने मला एकदा, सिनेमाची जाहिरात त्याच पानावर आहे म्हणून, तीन परिच्छेद गाळून कौतुकाचा एकच छापला होता. माझं नाव खाली होतंच. त्या आठवड्यात मी मुद्दाम बाजारात गेलो नाही.

जुने सिनेमे बघ, पण देवघरात बसवू नकोस. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा, पुढच्या वर्षी व्हेनिसला गाजला, हे सगळे सांगतात. तू तुकारामाकडे नको, आवलीकडे बघ. ती म्हैस, ती पोरं, तो चढा आवाज. नवरा वैकुंठाला निघतो आणि ती चूल सोडत नाही. भक्तीच्या सिनेमात एवढी भांडकुदळ, एवढी जिवंत बाई त्या काळी कुणी कशी ठेवली, याचं मला अजून नवल वाटतं. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' बघ, १९५४चा. साडेतीन तासांच्या आसपास आहे, दोन दिवसांत बघ. शेवटी दरोडेखोर संपलेले, लढवय्ये थकलेले, आणि शेतकरी गाणं म्हणत भात लावत असतात. म्होरक्या म्हणतो, जिंकले ते हे, आपण नाही. नवापूरकडची भातलावणी तू पाहिली आहेस, तुला ते शिकवावं लागणार नाही. मग त्याच घराण्यातला 'शोले' पुन्हा बघ आणि रामगढच्या लोकांची शेतं कुठे आहेत ते शोध. मला तरी सापडली नाहीत. तरी मला 'शोले' आवडतो. १९७५ साली तो लागला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला मोडीत काढलं होतं, हेही ध्यानात असू दे. आपल्या धंद्यात चुकण्याला तोटा नाही.

लहानपणी यात्रेतल्या तंबूत आम्ही तिकिटाला पैसे नसले की पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो. चित्र तेच, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत आणि अख्खी टोळी डाव्या हाताने गोळ्या झाडायची. माझं आयुष्यातलं पहिलं समीक्षण तेच: खलनायक डावखुरा होता. मत चुकीचं, पण जिथे बसलो होतो तिथून जे दिसलं तेच सांगितलं होतं.

सातपैकी सहा प्रिंट लाल झाल्या आहेत. चौथ्या प्रिंटवर एकाच ओळीखाली मी निळी रेघ ओढली आहे. सिनेमा टुकार, त्याचं नावही घेत नाही. परीक्षणही तसं बेताचंच. पण मध्ये तू लिहून गेलास: 'दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईच्या बोटांवर एक ओरखडा नाही. माझ्या आईला वेचणीच्या दिवसांत भाकरी थापताना बोटं चुरचुरतात.' आणि पुढच्याच वाक्यात घाबरून 'छायाचित्रण अप्रतिम' म्हणून मोकळा झालास.

रविवारी ये. भरताची वांगी आली आहेत, कळण्याची भाकरी करायला सांगतो. येताना ते परीक्षण त्या ओळीपासून सुरू करून पुन्हा लिहून आण. मी तो सिनेमा दोनदा पाहिला आहे, एकदा तर लिहिण्याचे पैसे घेऊन. मला ती बोटं दिसली नव्हती.

तुझा,
काका