पोस्ट निघाली का?

मी समुपदेशनाचं काम करते. पाडवा झाला की माझा फोन वाजायला लागतो, आणि दरवर्षी बोलणं तेच. "मॅडम, पोरगं माणसांत येतच नाही ओ, पाहुणे आले की खोलीचं दार लावून बसतंय." कधी पोरगं असतं, कधी सून, कधी घटस्फोट झालेली लेक. काळजी एकच, की ह्याला/हिला झालंय तरी काय.

कोल्हापुरात चैत्र म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कुणाकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि आंब्याची डाळ, पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ, मधे 14 एप्रिल, गावोगावच्या म्हाई (म्हणजे गावदेवाची जत्रा आणि मटणाची जेवणं), लग्नं, जावळं आणि त्यातूनही एखादा रविवार उरलाच तर रस्सा मंडळाची पन्हाळ्याकडं कुणाच्या तरी शेतात पेटलेली चूल. ज्याच्याकडं सांगायला काहीतरी आहे त्याला हा महिना पुरत नाही, आणि ज्याच्याकडं नाही त्याची दारोदार तोंडी परीक्षा.

दोनेक वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आला (ओळख पटेल असं सगळं बदललंय). वय 29, पाच वर्षं एमपीएससी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत. आई बाहेर बसलेली. मी विचारलं, भीती नेमकी कशाची वाटते?

"मॅडम, जिथं जाईन तिथं सगळे एकच विचारतात. पोस्ट निघाली का, म्हणजे निवड झाली का."

"सगळे म्हणजे किती?"

"सगळेच की."

"शेवटचं कुठं गेला होतास?"

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दीड वर्ष झालं असेल."

म्हणजे दीड वर्षात त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं, तो खोलीत बसून स्वतःच पाहुणा होऊन स्वतःला विचारत होता आणि नापास होत होता. इथं बऱ्याच घरांत "अरे लोकांचं मनावर घेऊ नकोस" हा सल्ला देतात, तो मी 19 वर्षांत एकालाही दिलेला नाही, कारण न घेता येत असतं तर माणूस माझ्याकडं आलाच नसता.

मी एलिस यांच्या विचारांची बाई आहे, ते लपवत नाही. अल्बर्ट एलिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकावर आधारलेली त्यांची उपचारपद्धती मांडली. पण मला त्यांचा त्याआधीचा किस्सा जास्त आवडतो. 19 वर्षांचे असताना बायकांशी बोलायची भयंकर भीती, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या बाईशी बोलायचं असं त्यांनी स्वतःला लावून घेतलं. ते सांगायचे की 130 जणींजवळ जाऊन बसलो, 30 लगेच उठून गेल्या, उरलेल्या 100 जणींशी बोललो. भेटायला तयार झाली फक्त एक, तीही आली नाही! पण भीती मात्र गेली.

पोरगं पहिल्यांदा हसलं. मी म्हटलं, तुला या महिन्यात टार्गेट देते. 50 जणांनी तुला विचारलं पाहिजे, पोस्ट निघाली का. वही कर, रेघा मार. एमपीएससीच्या पोराला टार्गेट दिलं की ते नाही म्हणत नाही, हे मला एव्हाना कळलंय.

एक चूक मात्र मी केली, ती सांगायला हवी. एकदम जड जाऊ नये म्हणून म्हटलं, आत्याच्या गावच्या म्हाईला वाढप्या म्हणून उभा राहा, हातात काम असलं की बरं वाटतं. गेला, तीन पंगती वाढल्या, परत आला, वहीत एकही रेघ नाही. वाढप्याला लोक "तांबडा आण इकडं" म्हणतात, पोस्टचं कोण विचारणार! तो खूष होता, पण मला रात्री भांडी घासताना लक्षात आलं की मी त्याला खोलीऐवजी रश्श्याच्या बादलीमागं लपायला जागा दिली होती. पुढच्या वेळी बादली काढून घेतली. पंगतीत बसायचं, आपणहून ओळख द्यायची, आणि उत्तर एकच वाक्य, "नाही निघाली, अजून एक प्रयत्न देतोय." पुढं स्पष्टीकरण नाही.

महिन्यानं आला तो तक्रार घेऊनच. "मॅडम, लोक विचारतच नाहीत ओ! यात्रेला डोंगरावर गेलो, गुलालानं लालेलाल होऊन आलो, पाच तासांत दोन रेघा. शेवटी मीच लोकांजवळ जाऊन उभा राहायला लागलो."

एकूण 17. त्यातल्या 11 जणांनी उत्तर यायच्या आधीच तोंड वळवलं, कुणाला पांढरा रस्सा आला, कुणाला फोन. चौघं "होईल रे" म्हणाले. एका मामांनी विचारलं आणि मग अर्धा तास स्वतःच्या पोराचंच रडगाणं सांगितलं. आणि एक चुलतभाऊ सगळ्यांसमोर बोलला, "आम्ही तर तुझी आशाच सोडली."

"मग?"

"लागलं मॅडम. लई लागलं."

"मग काय केलंस?"

"रस्सा घेतला अजून." स्वतःच थांबला. "आणि गार झाला नव्हता ओ तो. म्हणजे तेवढ्यातच झालं सगळं."

या एका वाक्यासाठी मी हे काम करते. दीड वर्ष ज्याची धास्ती घेतली ते रस्सा गार व्हायच्या आत होऊन गेलं होतं, आणि हे मी शंभरदा सांगून त्याला पटलं नसतं.

घरच्यांना सांगते, ओढून नेऊ नका. महिन्यातले दोन-तीन कार्यक्रम त्याला निवडू दे, परत निघायची वेळ आधीच ठरवा, आणि त्याच्या वाटचं उत्तर तुम्ही देऊ नका. "चालूय अभ्यास त्याचा" असं आईनं घाईघाईनं म्हटलं की त्याला कळतं, इथं लपवण्यासारखं काहीतरी आहे. पण झोप उडालीय, जेवण सुटलंय, छातीत धडधडतंय, जगण्यातच मन नाही असं बोलतोय, तर मात्र वहीबिही काही नको, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वहीचं राहिलंच. मी पान उलटलं तर मागं अजून रेघा, पाच-पाचचे जुडगे, वर लिहिलेलं "आई". 43. त्याला विचारून आईंना आत बोलावलं, वही पुढं ठेवली.

"मी कुठं विचारते ओ? मी आपलं सांगते, लोक विचारतील म्हणून."

मी गप्प बसले. त्यांनी बोट ठेवून एकेक रेघ मोजली, सगळ्या. मग पोराकडं बघून म्हणाल्या, "ह्यात जेवलास का विचारलेलं पण धरलंयस काय रे?"

"नाही, ते नाही धरलं."